न लावलेले अंगठे

कुंथलगिरीच्या पेढ्यांचा खोका टेबलांवरून फिरत होता. 'गावपेटी'चा आकडा नव्वद टक्क्यांच्या वर गेला म्हणून उत्कर्षनं स्वतः गाडी काढून तो आणला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली, कुणी भिंतीवरच्या पडद्याचा फोटो काढला. पडद्यावर हिरवी रेघ डावीकडून उजवीकडं ऐटीत चढत गेली होती. महेश्वरीनं पेढा हातात घेतला आणि तो तसाच धरून ती त्या रेघेकडं बघत बसली. बोटांना तूप लागलं तरी तिला भान नव्हतं.

'गावपेटी' ही धाराशिवातली कंपनी. बार्शी रस्त्याला एका ट्रॅक्टरच्या शोरूमवर तिचं ऑफिस. गावोगावच्या दुकानदारांना ती मुठीएवढं एक यंत्र देई. गिऱ्हाइकानं दुकानात यायचं, आधारचा नंबर सांगायचा, यंत्राच्या काचेवर अंगठा दाबायचा. ठसा जुळला की गिऱ्हाइकाच्या बँकेतल्या खात्यातले पैसे दुकानदारानं गल्ल्यातून काढून द्यायचे आणि त्याबद्दल त्याला कंपनीकडून थोडं कमिशन मिळायचं. बँकेची रांग नको, जीपचं भाडं नको, मजुरीचा रोज बुडायला नको. कल्पना चांगलीच होती. ती उत्कर्षची होती.

उत्कर्ष तुळजापूरचा, दत्तोपंत मास्तरांचा मुलगा. पुण्याला शिकला, बंगळुरात नोकरी केली आणि 'आपल्या जिल्ह्यासाठी काहीतरी करायचं' म्हणून परत आला. पेपरात त्याचे फोटो येत. ऑफिसात तो कुणाला सर म्हणू देत नसे. "सर कसलं? आपण घरचीच माणसं," म्हणायचा. म्हणून सगळे त्याला दादा म्हणत.

महेश्वरी तिथं बिझनेस अॅनालिस्ट होती. बेंबळीची, धुळाप्पा गिरणीवाल्यांची थोरली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर पुण्याला जायची तयारी झाली होती, तेवढ्यात ही कंपनी घराजवळच निघाली. घरी तिनं आपलं काम असं समजावून सांगितलं होतं : "सगळ्या यंत्रांचे आकडे माझ्याकडं येतात. ते वाचायचे, कुठं अडतंय ते हुडकायचं आणि मालकाला सांगायचं." अप्पा म्हणाले होते, "म्हंजी नाडी बघायचं काम."

आणि नाडी तिनं चोख बघितली होती. उन्हाळ्यात तिनंच दाखवून दिलं होतं की जिल्ह्यात बरेच अंगठे जुळतच नाहीत, आणि ते बहुतेक वयस्कर बायकांचे असतात. सोयाबीन काढून, खुरपून, राखेनं भांडी घासून बोटांच्या रेघा पुसून जातात. काचेला काय दिसणार? त्यावर डोळ्याची बुबुळं ओळखणारं दुसरं यंत्र प्रत्येक दुकानात द्यावं, असं तिनं सुचवलं होतं. उत्कर्ष "वा!" म्हणाला होता, आणि मग महागडं यंत्र म्हणून तो विषय मागं पडला होता.

आता ते यंत्र न येताच जुळणाऱ्या अंगठ्यांचा आकडा नव्वदच्या वर होता.

"दादा, कसा काय वाढला?" तिनं विचारलं.

"कसा म्हणजे? टीमनं वाढवला!"

"यंत्रं तीच, ॲप तेच, माणसं तीच. बोटं काय दोन महिन्यांत नवी फुटली?"

लोक हसले. उत्कर्षही हसला. "दुकानदारांना ट्रेनिंग दिलंय. काच पुसायची, बोट पुसायचं, नीट दाबायला सांगायचं. साध्या गोष्टी असतात गं. पेढा खा आधी."

ती जागेवर गेली आणि तिनं आकडे उघडले. न जुळलेले अंगठे कमी झाले होते हे खरं. पण त्यांच्याबरोबर माणसंही कमी झाली होती, आणि तीही सरसकट नव्हे. तरुण पोरं होती, मास्तर होते, दुकानदार होते, सगळे जिथल्या तिथं. म्हाताऱ्या बायका मात्र भूमच्या यादीतून, तामलवाडीच्या, बेंबळीच्या यादीतून पंगतीतून उठून जावं तशा निघून गेल्या होत्या.

तिनं ते उत्कर्षला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "सोयाबीनची काढणी चालू आहे. बायका रानात असतील."

"काढणी मागच्या वर्षीपण होती. तेव्हा येत होत्या."

"बघू," असं म्हणून तो फोनकडं वळला.

सुट्टीच्या दिवशी ती बेंबळीला गेली. गिरणीला लागूनच तिच्या चुलतभावाचं, शिवशंकरचं, किराणा दुकान होतं. गावपेटीचं यंत्र त्याच्याकडंच होतं. तो तिच्यापेक्षा लहान, पण लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. महेश्वरी त्याच्याकडं चहा प्यायला म्हणून बसली होती, तेवढ्यात हरणाबाई आली.

हरणाबाई धनगर गल्लीतली. तिच्या तोंडाला सगळं गाव वचकून असे. बाजारात भाव पाडून घ्यायचा असला की शेजारणी तिला मुद्दाम बरोबर नेत. निराधारचे पैसे तिच्या खात्यावर येत आणि ते काढायला ती आली होती.

"हात दाखवा, मावशी," शिवशंकर म्हणाला.

तिनं हात पुढं केला. त्यानं तो यंत्राकडं नेलाच नाही. उजेडाला धरला, अंगठ्याचं पेर निरखलं, जनावरांच्या बाजारात दात बघतात तसं, आणि सोडून दिला.

"न्हाय चालायचा."

"आरं, लावून तर बग!"

"लावायचाच न्हाय. धाराशिवला बँकेत जावा."

"मागल्या खेपंला बी हेच म्हनलास. दिसभर जीपची वाट बगून बँकेत गेले तर तितला बाबा म्हनतो, मावशी, तुमच्या गावात यंत्र हाय की! चेंडू हाय का म्या? ह्यानं तिकडं मारायचं, त्यानं हिकडं?"

महेश्वरी ताडकन उठली. "शिवा, हे काय चाललंय? न लावताच माघारी धाडतोस? लाज वाटत न्हाय?"

शिवशंकरचा चेहरा लाल झाला. गिऱ्हाइकांसमोर थोरल्या बहिणीनं असं बोलावं हे त्याला लागलं, पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. त्यानं मोबाइल काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"माजी लाज काढतीस? हे वाच की! तुज्याच हापिसातनं आलंय."

दुकानदारांच्या ग्रुपवरचा मेसेज होता. प्रत्येक दुकानाला आता स्कोअर असणार होता. दिवसभरात जेवढे अंगठे लावले, त्यातले किती जुळले त्यावर तो ठरणार. स्कोअर नव्वदच्या खाली गेला तर त्या आठवड्याचं कमिशन निम्मं. सलग खाली राहिला तर यंत्र काढून घेतलं जाईल. शेवटी हात जोडलेलं चित्र आणि 'चला, मिळून यशस्वी होऊ या!'

हा मेसेज महेश्वरीनं कधी बघितलाच नव्हता. दुकानदारांचा ग्रुप वेगळा माणूस सांभाळायचा.

"एक जुना अंगठा लावला की तीन-तीन डाव फेल पडतो," शिवशंकर म्हणाला. "पयल्या आठवड्यात म्या सगळ्यांचे लावले. कमिशन निम्मं आलं. फोन केला तर म्हनले, तुमी टेक्निक सुधारा. तामलवाडीचा रणधीर म्हनला, आरं येड्या, आमी आधी हात बगतो, मगच लावतो. सगळेच तसं करायलेत. म्या एकट्यानं का धर्मशाळा काढली व्हय?"

ट्रेनिंग, काच पुसणं, साध्या गोष्टी! हिरव्या रेघेमागं हे होतं. आणि त्या रेघेखाली उभं राहून आपण पेढा हातात धरला होता, या विचारानं तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

हरणाबाई अजून तिथंच होती. तिनं महेश्वरीला नीट न्याहाळलं. "धुळाप्पाची न्हवं का तू? तू बी त्याच कंपनीत हायेस म्हनं. का करतीस तितं?"

"आकडे बघते, मावशी. कुणाचा अंगठा लागला, कुणाचा नाही लागला."

"मग माजा लागत न्हाय ते दिसलं आसंल की तुला."

"नाही दिसलं." महेश्वरीचा आवाज खाली गेला. "लावलाच नाही तर त्याची नोंद होत नाही."

"आसं व्हय!" हरणाबाईनं कमरेवर हात ठेवला. "म्हंजी म्या येते, उनात हुबी राहते, शिव्या घालून माघारी जाते, आन् तुमच्या लेखी म्या आलेच न्हाय? आगं, भीक मागाया आले का म्या? माजंच पैसं हाय. माज्या नावचं."

ती निघून गेली. शिवशंकर गिऱ्हाइकाला साखर मोजून देऊ लागला, पण साखर काउंटरवर सांडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरल्या शिरल्या महेश्वरी उत्कर्षच्या काचेच्या खोलीत गेली.

"स्कोअरचा मेसेज तुम्ही पाठवलात?"

"बस ना."

"बसायला नाही आले. पाठवलात का?"

उत्कर्षनं उठून दार लोटलं. तो चिडला नाही. तिला जास्त संताप आला तो त्याच्या त्या शांतपणाचा. "मेसेज माझ्या सांगण्यावरून गेला. पण त्यात कुणाला परत पाठवा असं कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? पोटावर पाय दिल्यावर माणूस दुसरं काय करील? म्हाताऱ्या बायकांचे हात बघून हाकलून देतायत, जिल्हाभर. मी डोळ्यांनी बघून आले."

"ते त्या दुकानदारांचं वागणं झालं. त्याबद्दल आपण त्यांना समज देऊ."

"त्यांना समज? नियम तुमचा आणि समज त्यांना?"

"महेश्वरी," त्यानं आवाज मऊ केला, "तू बेंबळीची आहेस, तुझ्या ओळखीची माणसं आहेत, म्हणून तुला लागतंय. समजू शकतो मी. पण डेटाकडं भावनेनं बघायचं नसतं."

"भावना कुठून आली? मी हिशोबाचं बोलतेय. तुमचा आकडा खोटा आहे."

"खोटा? लावलेल्या अंगठ्यांतले नव्वद टक्के जुळले, असं आपण म्हणतो. ते तसंच आहे. एक अंक चुकीचा असेल तर दाखव मला."

एकही अंक चुकीचा नव्हता. हजारो ओळींतली प्रत्येक ओळ खरी होती आणि सगळं मिळून धादांत खोटं होतं. इतकी वर्षं शिकलेल्या विद्येनं आपल्याच तोंडावर हात ठेवावा, तसं तिला वाटलं.

"आणि आता महत्त्वाचं," उत्कर्ष म्हणाला. "या आठवड्यात मुंबईहून गुंतवणूकदार येतायत. पडद्यापाशी तू उभी राहशील. आकडे तुझ्याइतके कुणाला समजत नाहीत. एकदा त्यांचे पैसे आले की डोळ्याची यंत्रं घेऊ, तुला पाहिजेत तितकी. तुझ्या ओळखीच्या बायकांना पहिल्यांदा. मग तर झालं?"

"म्हणजे त्यांच्यासाठी यंत्र आणायचं, आणि ते आणण्यासाठी आधी त्यांनाच गायब करायचं?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"हरणाबाईला जाऊन सांगता का हे? थोडे दिवस बिनपैशानं जेव म्हणून?"

"हे बघ, आता तू अतिशयोक्ती करतेस." त्यानं घड्याळात बघितलं. "उभी राहणार की नाही, तेवढं सांग. नाहीतर प्रतीक्षा राहील."

प्रतीक्षा तिच्या हाताखाली नव्यानं लागलेली मुलगी. काचेपलीकडून ती घाबऱ्या नजरेनं इकडंच बघत होती. महेश्वरीनं तिच्याकडं पाहिलं, उत्कर्षकडं पाहिलं.

"राहते मी," ती म्हणाली.

उत्कर्ष खूश झाला. त्याला वाटलं, ऐकलं हिनं.

संध्याकाळच्या एसटीनं ती पुन्हा बेंबळीला आली. वाटेत शेजारच्या बाईनं सरकायला सांगितलं तर ती अशी काही बघून सरकली की बाई पुढच्या बाकावर जाऊन बसली. राग तिला नवा नव्हता. पण आजवर तो आला की ती त्याला आवरायची. मुलीच्या जातीनं, शिकलेल्या माणसानं, नोकरदारानं आवरायचा असतो म्हणून. आज तिनं त्याला मोकळं सोडलं आणि तिला कळलं की रागात डोकं कसं लख्ख चालतं.

शिवशंकर दुकान आवरत होता. अप्पा गिरणी बंद करून पाटावर बसले होते. हरणाबाई ज्वारीचं पीठ न्यायला आली होती. महेश्वरीनं तिघांनाही सगळं सांगितलं, आणि मग शिवशंकरकडं वळली.

"परवा आपला बाजार आहे. त्याच दिवशी पाहुणे ऑफिसात येणार. त्या दिवशी जो येईल त्याचा अंगठा लावायचा. कुणाला म्हणजे कुणाला माघारी धाडायचं नाही. फेल पडू दे, किती पण पडू दे."

"आन् स्कोअर?"

"पडू दे. पडायलाच पाहिजे."

"तुला का जातंय बोलायला! पगार तुजा चालू. यंत्र माजं जाईल."

"माझी नोकरी जाईल."

"जाईल? आजून तर हाय न्हवं? माजं कमिशन कवाच निम्मं झालंय." तो पिशव्या फेकल्यासारख्या रचू लागला. "तुमा शिकलेल्यांचं बरं असतंय. तुमी तिकडं नियम काडायचे, आमी हिकडं शिव्या खायच्या. आता तुमीच म्हनायचं की लढ. का म्हनून?"

यातलं एक अक्षर चूक नव्हतं आणि महेश्वरीनं ते खोडलं नाही. ती म्हणाली, "तू एकट्यानं केलंस तर बुडशील. खोटं कशाला सांगू? पण भूम, तामलवाडी, सगळ्यांनी मिळून केलं तर कुणाकुणाची यंत्रं नेतील? सगळी नेली तर कंपनी कशावर चालवतील? त्या दुकानदारांना तू ओळखतोस, मी नाही."

"आन् आयत्या येळी ते मागं सरले तर?"

"तर मग झालं."

हरणाबाईनं पिठाची पाटी खाली ठेवली. "आरं शिवा, तू न्हाय म्हन, व्हय म्हन, बाजारादिशी म्या गल्लीतल्या समद्या बायका घेऊन येनार. अंगठा लावल्याबिगर पायरी सोडनार न्हाय. मग बस स्कोअर मोजत."

शिवशंकरनं कपाळावर हात मारला. पण दुकानाचं शटर ओढल्यावर तो तिथंच उभा राहून रणधीरला फोन लावत होता, हे महेश्वरीनं घरात जाता जाता ऐकलं. "…आरं, हाकलून हाकलून मलाच माजा कंटाळा आलाय," असं तो म्हणत होता.

पाहुणे दोघे आले. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर लॅपटॉप घेतलेला तरुण. त्यांना तुळजाभवानीचं दर्शन घडवून उत्कर्ष ऑफिसात घेऊन आला. शाली झाल्या, चहा झाला. उत्कर्ष छान बोलला. गाव, माती, विश्वास हे शब्द त्याच्या तोंडून सहज निघत. मग त्यानं हातानं पडद्याकडं दाखवलं. "आणि हे आमचं आत्ताचं, या क्षणाचं चित्र. महेश्वरी सांगेल."

महेश्वरी उठली. तिनं मागच्या दोन महिन्यांची चढती रेघ दाखवली आणि मग गावोगावच्या दुकानांच्या आकड्यांसह आजची रेघ उघडली. सकाळी ती हिरवी आणि सरळ होती.

बेंबळी आधी हलली. मग तामलवाडी. रेघ थोडी वाकली, सावरली आणि मग कडा ढासळावा तशी खाली येऊ लागली. भूम खाली आलं. ज्यांची नावंही महेश्वरीला माहीत नव्हती अशी दुकानं एकामागून एक लाल झाली. रणधीरनं कुणाकुणाला सांगितलं होतं कोण जाणे. नव्वद गेले. ऐंशी गेले. प्रतीक्षानं तोंडावर हात धरला होता.

"काहीतरी सर्व्हरचा प्रॉब्लेम दिसतोय," उत्कर्ष हसत म्हणाला. हसताना त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"सर्व्हर ठणठणीत आहे," महेश्वरी म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. "आज पहिल्यांदा दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाचा अंगठा लावतायत. इतके दिवस हात बघून म्हाताऱ्या बायकांना दारातनंच हाकलत होते, कारण अंगठा फेल पडला तर आम्ही दुकानदाराचं कमिशन कापतो. जुळणारे अंगठे वाढले नाहीत. न जुळणारी माणसं आम्ही आत येऊ दिली नाहीत. वरची रेघ त्याची आहे."

"महेश्वरी, बस खाली," उत्कर्ष म्हणाला.

"मागच्या वेळीही बसच म्हणाला होतात."

पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी चष्मा पुसला. ते मुळीच रागावले नव्हते. पडद्याकडं बघत ते बरोबरच्या तरुणाला हळू म्हणाले, "म्हणजे एवढे ग्राहक आपण गमावतोय. हे मोठं मार्केट आहे." तरुणानं ते टिपून घेतलं.

आता खरं म्हणजे महेश्वरीचं काम झालं होतं. पण तिच्या मस्तकात तिडीक उठली ती उठलीच. "गमावतोय नाही, हाकलतोय," ती म्हणाली. "आणि त्या तुमचं मार्केट आहेत म्हणून त्यांना घ्यायचं नाही, साहेब. खातं त्यांचं आहे, पैसे त्यांचे आहेत. तुमचा फायदा झाला नाही तरी त्यांचे आहेत."

गृहस्थ सौजन्यानं हसले आणि त्यांनी चहाचा कप पुढं ओढला.

तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. उत्कर्षनं फार मोठा आवाज केला नाही. 'विश्वासघात' हा शब्द मात्र दोनदा वापरला. "घरची समजत होतो तुला," तो म्हणाला. तिनं बॅग उचलली. आपल्या रागाचं काय करायचं हे तिला माहीत होतं, त्याच्या दुखावलेल्या चेहऱ्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तिनं त्याकडं बघितलं नाही.

बेंबळीत काय झालं ते शिवशंकरनं सांगितलं. बायकांची रांग गिरणीच्या पुढं गेली होती. मागचे लोक ओरडत होते, कुणी शिव्या देत होतं, आणि शेवटी तोच ओरडला होता, "लावा, मावशी! किती पण डाव लावा!" हरणाबाईचा उजवा अंगठा लागला नाही. डावाही नाही. मग एकेक बोट करत करत डाव्या हाताची करंगळी जुळली.

"करंगळी?" महेश्वरीनं विचारलं.

"व्हय. आन् आयक, आर्ध्याअधिक बायकांचं कोन्तं न कोन्तं बोट लागलंच की, अक्का. लागत हुतं! आमी उगंच…"

दिवस मावळेपर्यंत रेघ सत्तरच्या आसपास जाऊन थांबली होती, असं प्रतीक्षानं फोनवर सांगितलं. म्हणजे हाकललेल्या बायकांतल्या कितीतरी जणींचे पैसे सहज निघाले असते. हे कळल्यावर महेश्वरीनं हातातला तांब्या अंगणात भिरकावला. अप्पांनी तो उचलून आणला आणि उतरंडीपाशी ठेवला.

यंत्र कुणाचंच गेलं नाही. पण त्या आठवड्याचं कमिशन सगळ्यांचं निम्मंच आलं. शिवशंकर काही दिवस तिच्याशी धड बोलला नाही. मग ग्रुपवर मेसेज आला की दुकानदार बांधवांच्या सूचनांचा आदर करून स्कोअरची योजना मागं घेत आहोत. पाठोपाठ पेपरात फोटो. तामलवाडीत उत्कर्ष एका आजीला डोळ्याचं यंत्र दाखवतोय, वर ठळक अक्षरांत 'एकही आजी वंचित राहणार नाही'. बातमीत स्कोअरचा शब्द नव्हता, हाकललेल्यांचा नव्हता. बेंबळीला ते यंत्र आलं नाही.

त्यानंतर एका सकाळी उत्कर्षचा फोन आला. गिरणी चालू होती. ती पट्ट्याच्या आवाजातून बाहेर रस्त्यावर आली.

"कशी आहेस? अगं, वयाप्रमाणे गट पाडायची ती तुझी पद्धत, प्रतीक्षाला जमेना. ज्या बँकेमार्फत आपलं काम चालतं तिला आता दर महिन्याला तसा अहवाल हवाय. जरा सांगतेस? आणि एक बोलू? तू आधी मला सांगायला हवं होतंस. आपण घरातल्या घरात मिटवलं असतं."

महेश्वरीला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दादा," ती म्हणाली, "मी आकडे घेऊन तुमच्याकडं आले, तुम्ही काढणी म्हणालात. मेसेज घेऊन आले, तुम्ही भावना म्हणालात. दोन्ही वेळा तुमच्याच टेबलापुढं उभी होते. आणखी कुठल्या घरात येऊन सांगायला पाहिजे होतं?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाजारादिवशीच्या आठवड्याचं दुकानदारांचं कापलेलं कमिशन परत करा. सगळ्यांचं. आणि अंगठा न लावताच ज्यांना माघारी पाठवतात त्यांनाही मोजायची सोय यंत्रात करा. दुकानदारानं कुणाला माघारी पाठवलं की बटण दाबायचं आणि कारण लिहायचं. ते झालं की प्रतीक्षाला फोन करायला सांगा. तिला सांगेन मी. तुम्हाला नाही."

"तू फारच कडवट झालीस, महेश्वरी."

"हो," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

कमिशन आठवड्याभरात जमा झालं. बटणाचं मात्र काहीच झालं नाही, आणि प्रतीक्षाचा फोनही आला नाही. बटणाची मागणी मांडायला महेश्वरीनं त्याच बँकेच्या जिल्हा कार्यालयाची वेळ मागून घेतली. शिवशंकर, रणधीर आणि भूमचे दोन दुकानदार बरोबर यायला तयार झाले. हरणाबाईला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती येणारच होती.

जायच्या दिवशी अप्पा म्हणाले, "झालं न्हवं पोरी आता? कमिशन आलं, स्कोअर गेला. किती दिस जळायचं? गीळ की राग."

"गिळवत न्हाय, अप्पा."

"मग निदान जेवून तरी जा."

ती जेवायला बसली. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडतानाच बाहेर हरणाबाईचा आवाज चढला. जीपवाला जागा नाही म्हणून तिला उतरवत होता. महेश्वरी ताटावरून तशीच उठली आणि चपला न घालता बाहेर धावली.